तूप परदेशी पाठवण्याआधी: नागपुरातल्या जड धातू तपासणी सेवेचं परीक्षण

नागपुरातून तूप, दूध पावडर किंवा संत्रा बर्फी परदेशी पाठवायची असेल, तर शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा तपासायला आता मुंबई-पुणे गाठायची गरज उरलेली नाही. शहरात एनएबीएल-मान्य (एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) खासगी प्रयोगशाळा आहेत आणि आयसीपी-एमएसची, म्हणजे अणूंच्या वजनावरून धातूंचे अत्यल्प अंश मोजणाऱ्या यंत्राची, सोय आहे. 'हेवी मेटल पॅनेल' या नावाने ही सेवा विकली जाते. यंत्राबद्दल आमची तक्रार नाही. अडतं ते दोन ठिकाणी, नमुना कारखान्यातून कसा निघतो आणि अहवालात काय छापून येतं. यातला निम्मा दोष मागणाऱ्याचाच असतो. फोनवर 'हेवी मेटल करून द्या' एवढंच सांगितलं की समोरून तेवढंच मिळतं.

आधी आकडे, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. दुधातल्या शिशाची मर्यादा कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्न मानकं ठरवणारी संस्था), युरोपीय संघ आणि आपलं एफएसएसएआय, तिघांकडेही किलोला ०.०२ मिलिग्रॅम आहे. तुपाला, म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाला, युरोपच्या २०२३/९१५ या नियमात ०.१० आहे. कोडेक्सने खाद्य तेल आणि स्निग्ध पदार्थांची मर्यादा ०.०८ वर आणली आहे. आखाती देश बरेचसे कोडेक्सच्या मागे चालतात. तेव्हा ०.०९ चा अहवाल हातात घेऊन 'युरोपला चालतं म्हणजे सगळीकडे चालतं' असं धरून चालू नये. अमेरिकेची रीत वेगळी आहे. तिथे आयात इशारा क्रमांक ९९-४२ च्या यादीत एखाद्या कंपनीचं नाव चढलं की पुढचा माल न उघडताच अडवता येतो, आणि यादीतून नाव काढून घेण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर असते.

दूध पावडरीचा घोळ वेगळा. ०.०२ ही मर्यादा पावडरीवर लावायची की पाणी घालून तयार केलेल्या दुधावर? स्किम्ड पावडर साधारण १२.५ ग्रॅमला १०० मिली या हिशोबाने कालवतात, म्हणजे आठपट पातळ होते. तयार दुधावर ०.०२ धरलं तर पावडरीत ०.१६ पर्यंत चालेल, थेट पावडरीवर धरलं तर ०.०३ ला माल नापास. एकच पावडर, एकच आकडा आणि दोन उलटे निकाल. खरेदीदाराच्या स्पेसिफिकेशनमध्ये ही ओळ लिहून घेतल्याशिवाय नमुना पाठवू नये. प्रयोगशाळेलाही ती कळवावी, कारण 'पास' हा शब्द छापताना ती कुठला आकडा समोर धरते हे बहुतेकांना अहवाल आल्यावरच कळतं.

आता अहवाल. शिशापुढे 'बीएलक्यू' किंवा 'एनडी' दिसलं की कारखान्यात पेढे वाटायची तयारी सुरू होते. बीएलक्यू म्हणजे धातू मोजता येण्याच्या पातळीखाली आहे, एनडी म्हणजे सापडलाच नाही. पण ती पातळी किती? ती ०.०५ असेल आणि खरेदीदाराची मर्यादा ०.०२, तर तो कागद कोराच समजायचा. दुधात ०.०४ शिसं असलं, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट, तरी त्यावर बीएलक्यूच छापून येईल. मोजमापाची पातळी, म्हणजे एलओक्यू, मर्यादेच्या निम्म्याच्या वर असू नये. दुधासाठी आम्ही ०.०१ मागतो आणि ०.००५ मिळाली तर खूश होतो. ही संख्या दरपत्रकातच लिहून मागावी. काम झाल्यावर ती बदलून मिळत नाही.

एलओक्यू कुठून येते हे समजलं की दरातला फरकही समजतो. अर्धा ग्रॅम पावडर आम्लात विरघळवून ५० मिलीला आणली की ती शंभरपट पातळ होते. मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम, त्यामुळे यंत्रात जाणाऱ्या पाण्यात लिटरला फक्त ०.२ मायक्रोग्रॅम शिसं उरतं. मोजायचं ते हे. ज्वालेचा साधा एएएस (प्रकाश किती शोषला जातो त्यावरून धातू मोजणारं यंत्र) इथे निरुपयोगी आहे, तो लिटरला मिलिग्रॅमचा दहावा भाग दिसतो-न दिसतो अशा पातळीवर थांबतो. ग्रॅफाइट फर्नेसचा एएएस चालतो. शिशासाठी आयएसओ आणि आयडीएफची पद्धत त्याच्यावरच आहे, पण एका वेळी एकच धातू होतो आणि वेळ लागतो. चारही धातू एकदम आणि एवढ्या खाली हवे असतील तर आयसीपी-एमएस. अहवालात पद्धत म्हणून एओएसी २०१५.०१ किंवा ईएन १५७६३ दिसावी. हातात धरायची, क्ष-किरणांनी धातू ओळखणारी एक्सआरएफ बंदूक डब्याचा पत्रा आणि झाळ तपासायला छान, पण तिने कुणी तूप 'क्लिअर' करून देत असेल तर हात जोडून निघावं. रंग बदलणाऱ्या झटपट किटचंही तेच.

एनएबीएलचं चिन्ह दिसलं म्हणून थांबू नये. मान्यता अख्ख्या प्रयोगशाळेला सरसकट नसते, ती ओळीओळीने असते: कुठला पदार्थ, कुठला धातू, कुठली पद्धत, किती ते कितीपर्यंत. प्रमाणपत्र क्रमांक टाकला की एनएबीएलच्या संकेतस्थळावर ही यादी, म्हणजे स्कोप, उघडते. तिथे 'दूध व दुग्धजन्य पदार्थ' या शीर्षकाखाली शिशाची ओळ शोधावी आणि रकान्यातला खालचा आकडा बघावा. पाण्यासाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा तूपही तपासून देईल, पण ती चाचणी मान्यतेबाहेरची म्हणून तारांकन लावून नोंदली जाईल, आणि खरेदीदाराकडच्या माणसाची नजर आधी त्या तारांकनावरच जाते.

प्रयोगशाळेच्या आत बघायची संधी मिळाली तर डायजेशनच्या खोलीत जावं. यंत्राचा स्वागतकक्षातला फोटो बघून काही कळत नाही. नमुना बंद टेफ्लॉन भांड्यात नायट्रिक आम्ल घालून मायक्रोवेव्हमध्ये शिजवतात. साधारण ५ ते ८ मिली आम्ल, १-२ मिली पेरॉक्साइड, तापमान १८० ते २०० अंश, वर १५-२० मिनिटं मुक्काम. दूध आणि पावडर निमूट शिजतात. तूप मात्र छळतं. निव्वळ स्निग्धांश असल्याने आम्लाशी झोंबतो, वायू भसाभस निघतो, दाब वाढून भांड्याची झडप उघडते, आणि वाफेबरोबर पारा निघून जातो. मग पाऱ्यापुढे सुंदर शून्य छापून येतं. म्हणून तूप ०.२ ते ०.३ ग्रॅमच घ्यावं लागतं, आम्ल घालून भांडं अर्धा तास उघडं ठेवावं लागतं आणि तापमान टप्प्याटप्प्याने चढवावं लागतं. पावडरीसाठी लावलेला प्रोग्रॅम तुपाला तसाच चालवणारी प्रयोगशाळा निर्यातीच्या कामाची नाही. विचारायचा प्रश्न सोपा आहे: 'तुपाचं वजन किती घेता?' उत्तर 'एक ग्रॅम' आलं तर पुढे बोलायचं कारण नाही.

तूप अर्धवट शिजलं तर आणखी एक गंमत होते. द्रावणात उरलेला कार्बन प्लाझ्मात, म्हणजे यंत्रातल्या तप्त वायूत, आर्सेनिकचा संकेत फुगवतो आणि नसलेलं आर्सेनिक दिसू लागतं. दुधातल्या मिठाचाही त्रास आहे. क्लोराइड आणि यंत्रातला आरगॉन मिळून ७५ वजनाचा जोडकण तयार होतो आणि आर्सेनिकचं वजनही ७५च. यावर उपाय हेलियमचा कोलिजन सेल, तो असे जोडकण गाळतो. तो चालू न ठेवता केलेला आर्सेनिकचा आकडा फेकून द्यावा. कॅडमियमला १११ आणि ११४ या दोन्ही वजनांवर मॉलिब्डेनमच्या ऑक्साइडची अडचण आहे, आणि दुधात मॉलिब्डेनम असतंच. शिशाचं मात्र २०६, २०७ आणि २०८ या तिन्हींची बेरीज करायची, कारण शिसं कुठल्या खाणीतलं यावर त्यांचं आपसातलं प्रमाण बदलतं. पारा नळीला चिकटून बसतो. आधीच्या गिऱ्हाइकाच्या नमुन्यात पारा जास्त असेल तर तो तुमच्या तुपात उगवतो. द्रावणात थोडं सोनं घातलं की पारा धरून राहतो आणि धुतला जातो. 'तुम्ही सोनं घालता का?' हा प्रश्न ऐकून समोरचा हसला तर प्रश्न बदलू नये, प्रयोगशाळा बदलावी.

ब्लँकबद्दल विचारायला कुणालाच सुचत नाही. नमुना न घालता, फक्त आम्ल शिजवून मोजलं तरी थोडं शिसं दिसतं. ते आम्लातून येतं, हवेतल्या धुळीतून येतं, हातमोज्यातून येतं. ब्लँक लिटरला ०.०५ मायक्रोग्रॅम असेल तर शंभराने गुणून किलोला ०.००५ मिलिग्रॅम, म्हणजे दुधाच्या मर्यादेचा पाव हिस्सा नुसत्या ब्लँकने खाल्ला. त्यात नागपूरची उन्हाळी धूळ. खिडक्या उघड्या टाकून, कूलर लावून चालणाऱ्या खोलीत ०.००५ ची एलओक्यू निघत नाही. अहवालासोबत त्या बॅचचा ब्लँक, स्पाइक रिकव्हरी (मुद्दाम घातलेला धातू किती टक्के परत सापडला) आणि संदर्भ नमुन्याचा (ज्यातले धातूंचे आकडे आधीच प्रमाणित आहेत) निकाल मागावा. ईआरएम-बीडी १५० ही स्किम्ड दूध पावडर संदर्भ नमुना म्हणून वापरतात. अमेरिकेच्या मानक संस्थेचा, एनआयएसटीचाही होल मिल्क पावडरचा नमुना आहे, क्रमांक १५४९ए. रिकव्हरी ८० ते ११० टक्क्यांत असली की आम्ही पुढे जातो. हे कागद मागितल्यावर जी प्रयोगशाळा न कुरकुरता देते, तिचा दर थोडा जास्त असला तरी परवडतो. दर कसेही सांगितले जातात, कुणी धातूगणिक तर कुणी पॅनेलचा एकत्र. तातडीचं काम वेगळं आणि वर १८ टक्के जीएसटी. तुलना करायची तर त्याच एलओक्यूवर करावी, नाहीतर ती सफरचंद आणि संत्र्याची तुलना, आणि संत्र्याच्या गावात ती करू नये.

आता कारखान्यातला भाग. इथे सेवेला आम्ही निम्मेच गुण देतो, कारण 'पिकअप'ला येणारा मुलगा बहुधा फक्त पिशवी उचलतो. नमुना काढायचं काम तुमच्याच माणसाच्या गळ्यात पडतं. एक डबा उघडून वरून दोन चमचे काढले, असा नमुना निर्यातीच्या लॉटचा होत नाही. युरोपचा ३३३/२००७ हा नमुन्याचा नियम हिशोबाला सोपा आहे. लॉट ५० किलोपर्यंत असेल तर तीन ठिकाणांहून, ५०० पर्यंत पाच ठिकाणांहून, त्याहून मोठा असेल तर दहा ठिकाणांहून घ्यायचं. दर वेळी किमान १०० ग्रॅम, आणि सगळं मिळून किमान किलोभर. माल डब्यांत किंवा पोत्यांत भरलेला असेल तर शंभरावर नगांतून पाच टक्के, पण दहाच्या वर नाही. १५ किलोचे २०० डबे असतील तर दहा डबे उघडायचे. मग ते सगळं एकत्र करून त्याचे तीन भाग: एक प्रयोगशाळेला, एक स्वतःकडे सीलबंद, एक खरेदीदारासाठी.

तुपाचा नमुना घेण्यात खरी मेख आहे. दाणेदार तुपात वर पातळ, खाली दाणा आणि तळाला बेरीचा अंश असतो. पत्र्याचा, झाळीचा किंवा कढईचा धातू बारीक कणांनी तळाशीच बसतो. वरचं तूप तपासलं तर लॉट पास, तळाचं तपासलं तर नापास. म्हणून डबा ४० ते ४५ अंशांवर पूर्ण वितळवायचा, लोळवून एकजीव करायचा, आणि वर, मध्ये, तळाशी असा नळीने काढायचा. नळी स्टेनलेसची किंवा प्लास्टिकची, पितळेची कधीच नाही. पितळ कापायला सोपं जावं म्हणून त्यात शिसं घालतात, आणि जुन्या पितळी नळीने काढलेल्या नमुन्यात तेच सापडतं. बाटली पॉलिप्रॉपिलीनची असावी. १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून, शुद्ध पाण्याने तीनदा विसळून, धूळ बसणार नाही अशी वाळवलेली. प्रयोगशाळेकडूनच बाटल्या मागवाव्यात, बहुतेक ठिकाणी त्या देतात, पण मागितल्या तरच. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ वर असताना तुपाची बाटली दुचाकीच्या डिकीतून गेली तर झाकणातून पाझरते, आणि पाझरलं की सीलही गेलं. पहाटे न्यायला बोलवावं किंवा थर्माकोलच्या पेटीत जेलपॅक घालून पाठवावं. एवढ्या गरमीने धातू उडत नाहीत, पण फुटलेल्या सीलचा नमुना कुणी धरत नाही.

मग नागपुरातच तपासावं की मुंबईला? समृद्धी महामार्गामुळे ७०१ किलोमीटरचा पल्ला एका दिवसात होतो, त्यामुळे अंतर ही आता सबब राहिली नाही. नेहमीच्या चार धातूंसाठी आणि तूप-पावडरीसाठी नागपूर पुरेसं आहे, आणि शंका आली तर तुम्ही स्वतः जाऊन उभे राहू शकता, हा मोठा फायदा. लहान मुलांच्या दूध पावडरीसाठी, जिथे तयार दुधात शिशाची मर्यादा ०.०१ आहे, तिथे हे काम रोज करणारी प्रयोगशाळाच हवी, मग ती कुठेही असो. डेपोत कंटेनर लागायची तारीख ठरली असेल तर तिच्या मागे किमान दहा दिवस नमुना गेलेला असावा. नेहमीचा अहवाल पाच-सात कामाच्या दिवसांत येतो, आणि आकडा मर्यादेजवळ आला तर पुन्हा शिजवायला वेळ हाताशी राहतो. एक गैरसमज इथेच काढून टाकू. खासगी अहवाल म्हणजे निर्यातीचं आरोग्य प्रमाणपत्र नव्हे. ते निर्यात तपासणी परिषदेच्या यंत्रणेकडून, त्यांच्या मान्य कारखान्याला, दुग्धजन्य पदार्थांच्या निर्यातीच्या नियमांखाली मिळतं. खासगी चाचणी स्वतःच्या खात्रीसाठी आणि खरेदीदाराच्या करारासाठी.

मर्यादेजवळच्या आकड्याचं काय? ०.०१८ अधिक-उणे ०.००४ असा निकाल आला तर खरा आकडा ०.०२२ ही असू शकतो. आयएसओ १७०२५ च्या २०१७ च्या आवृत्तीत प्रयोगशाळेने पास-नापास कुठल्या नियमाने ठरवलं ते ग्राहकाशी आधी ठरवायचं आहे. फॉर्मवर तो रकाना असतो आणि तो रिकामा सोडला जातो. अनिश्चितता धरून निर्णय द्या, असं लिहावं. ०.०१८ ला 'पास' घेऊन माल चढवला आणि पलीकडच्या बंदरात ०.०२१ निघालं, तर दोन्ही प्रयोगशाळा बरोबर असतात आणि कंटेनर तेवढा परत येतो.

आकडा वर आला तर दोष कुठे शोधायचा, हा या सेवेचा सगळ्यांत कमी वापरला जाणारा भाग. गाय-म्हैस चाऱ्यातलं बरंचसं शिसं हाडांत आणि यकृतात, कॅडमियम मूत्रपिंडात अडवते, दुधात थोडंच उतरतं. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेची भीती रास्त आहे, २०२२ च्या जुलैत खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला ते सगळ्यांना आठवतं. त्या पट्ट्यातलं दूध वेगळ्या टँकरने घेऊन वेगळं तपासावं. तरी आकडा एकदम उडाला तर पहिला संशय कारखान्यावर घ्यावा. दुधातलं शिसं केसीनला धरून राहतं, त्यामुळे खव्यात आणि पनीरमध्ये ते एकवटतं आणि तुपात कमी उतरतं. तूपच वाईट निघालं तर दुधामागे धावू नये. कढई, पितळी व्हॉल्व्ह, झाळलेला डबा, कल्हईत कुणी शिसं मिसळलं का, हे बघावं. प्रयोगशाळेकडे पाच नमुने एकदम द्यावे: कच्चं दूध, साय, कढईतून निघताच घेतलेलं तूप, भरण्याआधीचं तूप आणि डब्यातलं पंधरा दिवसांनंतरचं तूप. कुठल्या दोन नमुन्यांच्या मधे आकडा चढला ते कळलं की पैसे वसूल. तांबंही सोबत मोजायला सांगावं. त्याने आरोग्य बिघडण्याआधी तूपच खवट होतं, आणि निर्यातीत दोन महिने समुद्रावर काढणाऱ्या डब्याला ते महागात पडतं.

संत्रा बर्फीला हे सगळं लागू आहे, शिवाय चांदीचा वर्ख. वर्खाची चांदी ९९९ शुद्धतेची असावी, असा आपला नियम आहे. बाजारातला स्वस्त वर्ख तेवढा शुद्ध असेलच असं नाही, आणि त्यातली भेसळ बर्फीच्या आकड्यात शिसं-कॅडमियम म्हणून उगवते. वर्ख लावलेली आणि न लावलेली बर्फी वेगळी तपासावी, वर्खाचा गठ्ठाही वेगळा द्यावा. हळद-दुधाच्या मिक्सला शिसं जास्त आलं तर सोबत क्रोमियमही मोजून घ्यावं. दोन्ही सोबतच वर असतील तर हळदीला पिवळा चकाकदार रंग चढवायला लेड क्रोमेट वापरलंय, असा अंदाज बांधता येतो. चॉकलेटी पदार्थांत कॅडमियम कोकोतून येतं, दूधवाल्याला बोल लावू नये.

राहता राहिला उरलेला नमुना. अहवालानंतर तो किती दिवस ठेवणार हे विचारून घ्यावं. आम्ही पावडर आणि तुपासाठी माल पोहोचून खरेदीदाराची चाचणी होईपर्यंतची मुदत मागतो, आणि फॉर्मच्या 'रिमार्क' रकान्यात तारखेनिशी लिहितो. स्वतःकडचा सीलबंद भाग तूप असेल तर थंड, अंधाऱ्या जागी, पत्र्यात नाही, त्याच धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत.